जलरंगात लांबचे डोंगर दर वेळी बिघडतात? आधी कागदाचा ओलावा बघा

आकाश छान लागतं, पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग पातळ थर, मस्त बसतो, आणि मग मागची डोंगररांग टाकायला घेतली की बिघडायला सुरुवात होते. पायथ्याशी नक्षीदार कडांचे डाग उमटतात, डोंगराच्या मधेच एक कडक रेघ राहते, निळा म्हणून लावलेला रंग वाळल्यावर मळकट राखाडी दिसतो, आणि सगळ्यात वैताग म्हणजे जो डोंगर सगळ्यात लांब असायला हवा तोच पुढच्या झाडांच्याही पुढे येऊन बसतो. इंदूरला आमचा रविवारी सकाळी बाहेर बसून चित्रं काढणाऱ्यांचा छोटासा ग्रुप आहे, त्यात नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच तक्रार घेऊन येतो आणि जुन्यांचीही ती अधूनमधून परत डोकं वर काढते, विशेषतः होळी झाली आणि ऊन तापायला लागलं की, आणि मग पुन्हा पावसाळ्यात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

लोक यावर काय करतात तर रंग बदलतात, महागाच्या ट्यूब आणतात, ब्रश बदलतात. पण बहुतेक वेळा गडबड असते ती पाण्याच्या हिशोबात, म्हणजे त्या क्षणी कागदात किती पाणी आहे आणि ब्रशमध्ये किती आहे यात. हा हिशोब आपल्याकडे महिन्यागणिक बदलतो, सकाळी सात आणि दुपारी बारा यातसुद्धा बदलतो, आणि आपण शिकतो ते थंड देशांतल्या लोकांच्या व्हिडिओवरून, जिथे तो माणूस शांतपणे म्हणतो की आता पाच मिनिटं थांबा. इंदूरला मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली असते, पारा ४० च्या आसपास, वर पंखा आणि समोरून कूलर. तिथे पाच मिनिटांत कागद कडकडीत वाळलेला असतो आणि तुम्ही त्यावर ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, करायला जाता. तोच व्हिडिओ ऑगस्टमध्ये बघा, बाहेर झड लागलीये, पाच मिनिटांनी कागद होता तसाच चकचकीत आहे, आणि तुम्ही वाळला समजून दुसरी रांग टाकता ती सगळी वरच्या आकाशात पसरत जाते. म्हणून पहिली गोष्ट, घड्याळ विसरा आणि कागदाची चमक बघा.

चमक बघायची म्हणजे वरून बघायची नाही, वरून काहीच कळत नाही. मान खाली घालून डोळा जवळजवळ कागदाच्या पातळीला आणा आणि समोरून खिडकीचा उजेड येऊ द्या. पाणी लावल्या लावल्या कागदावर उजेडाचा सलग पट्टा दिसतो, कागदाचं टेक्स्चर दिसतच नाही, ही पहिली अवस्था. आकाश, धुकं, ढग यांच्यासाठी ही ठीक, डोंगराला अजिबात नाही, रंग कुठेही धावतो. मग हळूहळू तो पट्टा मंद होतो आणि कागदाचे बारीक उंचवटे एकेक करून वर दिसायला लागतात पण खड्ड्यांत अजून चमक असते. ही दुसरी अवस्था सगळ्यात कामाची, धूसर कडांचे लांबचे डोंगर इथेच होतात, रंग पसरतो पण आकार धरून पसरतो. तिसऱ्या अवस्थेत चमक गेलेली असते, कागद मॅट दिसतो पण हाताची मागची बाजू टेकवली की गार लागतो. इथे हात लावायचा नाही. अगदी हौसेने एखादा टच द्यावासा वाटतो तो इथेच वाटतो आणि सगळे डाग इथेच पडतात. चौथी अवस्था म्हणजे कागद गार लागत नाही, आता वर नवीन थर द्यायला हरकत नाही. गार लागणं हा खरा पुरावा आहे, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे जोपर्यंत आत ओल आहे तोपर्यंत कागद आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा थंडच लागणार.

आता ब्रशची बाजू. नियम एवढाच की कागद जितका वाळत गेलाय त्याहून ब्रश कोरडा आणि रंग दाट पाहिजे. कागद चकचकीत ओला असेल तर ताकासारखा पातळ रंग चालतो, कागद मंदावला की रंग चक्क्याच्या दिशेने जायला पाहिजे. उलटं झालं, म्हणजे अर्धवट वाळलेल्या वॉशवर जास्त पाण्याचा ब्रश टेकला, की ते जादाचं पाणी कागदाच्या तंतूंतून बाजूला सरकतं आणि वाटेतले रंगाचे कण ढकलत नेऊन कडेला साचवतं. तोच तो नक्षीदार कडेचा डाग, ज्याला सगळे ब्लूम म्हणतात. रंग कुठल्याही कंपनीचा असू दे, हे होणारच, कारण हा पाण्याचा स्वभाव आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंचं उदाहरण देते, कारण त्यात जवळजवळ सगळे प्रॉब्लेम एकत्र होते. जानापावच्या बाजूची टेकड्यांची तीन थरांची रांग त्या परत परत करत होत्या आणि दर वेळी मधला थर बिघडायचा. पेपर बदलून झाला, रंग बदलून झाला. मग आम्ही काही न बोलता नुसतं शेजारी बसून त्यांचा हात बघितला. त्या रंग छान दाट कालवत होत्या, ब्रश भरत होत्या, कड्याची वरची रेघ सुंदर ओढत होत्या, आणि मग डोंगर खाली उतरवताना रंग कमी पडला की ब्रश पाण्याच्या भांड्यात बुडवून, कडेला एकदाच निथळवून थेट कागदावर. म्हणजे वरचा भाग दाट आणि अर्धवट वाळलेला, खालचा एकदम पाणीदार. ते खालचं पाणी वर चढणारच की. त्यांना फक्त एक जुना सुती फडका डाव्या हाताला दिला आणि सांगितलं की भांड्यातून निघालेला ब्रश दर वेळी आधी फडक्याला टेकवायचा, ब्रशचा पोटाकडचा भाग, टोक नाही. त्याच सकाळी मधली रांग बसली. त्यांचं काम बघताना मला जाणवलं की शिकवताना आपण रंगाबद्दल तासभर बोलतो आणि फडक्याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते फडका हा ब्रशइतकाच महत्त्वाचा आहे, आणि टिश्यूपेक्षा जुनी धुतलेली सुती ओढणी किंवा पंचाचा तुकडा कधीही चांगला.

पायथ्याशीच डाग का पडतात, याचं अजून एक कारण आहे आणि ते सहसा लक्षात येत नाही. आपण बोर्ड थोडा तिरका ठेवून डोंगर वरून खाली उतरवतो, तेव्हा खालच्या कडेला रंगाचा एक जाडसर ओघळ गोळा होतो. काम चालू असताना तो उपयोगाचाच असतो, त्यालाच खाली खाली ओढत नेलं की वॉश सलग बसतो. पण डोंगर संपला आणि तो ओघळ तिथेच सोडून दिला की वरचा भाग वाळतो, ओघळ मात्र ओलाच राहतो आणि मग त्यातलं पाणी उलटं वर चढतं. बऱ्याच जणांची सवय म्हणजे डोंगर झाल्या झाल्या बोर्ड सपाट ठेवायचा, मग तर ते पाणी परत यायला मोकळंच. उपाय सोपा आहे, ब्रश धुऊन फडक्यावर पूर्ण पिळून घ्यायचा आणि त्याचं टोक ओघळाला नुसतं टेकवायचं, तो आपोआप पाणी शोषून घेतो. रंगाची चमक पूर्ण जाईपर्यंत बोर्ड तिरकाच राहू द्या, १५ ते २० अंश पुरे. कडेच्या मास्किंग टेपवरही थेंब साचतात, ते वॉश झाल्यावर लगेच पुसा, नाहीतर तासाभराने चित्राच्या कोपऱ्यातून डाग आत शिरलेला दिसतो आणि कळत नाही की आला कुठून.

कडक रेघेचं थोडक्यात सांगते. वाळत्या वॉशमध्ये काठावरचं पाणी आधी उडतं, त्याची जागा घ्यायला आतलं पाणी रंगाचे कण घेऊन काठाकडे वाहतं, म्हणून काठ गडद होतो. डोंगराच्या माथ्याला ही गडद कड हवीच असते, पायथ्याला नको असते. म्हणून दोन ब्रश हातात ठेवा, एक रंगाचा आणि एक नुसता ओलसर स्वच्छ, माथा ओढला की रंग ओला असतानाच खालून स्वच्छ ब्रश फिरवून पायथा विरवून टाका. उन्हाळ्यात एकाच ब्रशवर हे जमत नाही, धुवायला जाईपर्यंत काठ पकडलेला असतो. आणि एका वेळी पूर्ण रांग रुंदीभर ओढायची हौस करू नका, दरीच्या किंवा झाडांच्या जागी तोडा.

मे महिन्याचं वेगळं सांगायला हवं, कारण इंदूरकरांची अर्धी तक्रार तिथलीच आहे. शक्य असेल तर सहा ते आठ या वेळात काम उरका. कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, बसवणार नाही कोणालाच, पण त्याचा झोत कागदावर येऊ देऊ नका आणि पंखा शक्यतो एकवर. वॉश लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा, मधेच कालवायला थांबलात की रेघ पडली म्हणून समजा. सगळ्यात जास्त फरक पडतो तो कागद दोन्ही बाजूंनी ओला केल्याने. मागून आणि पुढून भरपूर पाणी लावा, चार-पाच मिनिटं मुरू द्या, मग कोटा स्टोनच्या फरशीचा तुकडा, काच किंवा अ‍ॅक्रिलिक शीट यावर सरळ चिकटवा आणि वरचं जादा पाणी टिपून घ्या. खालची बाजू बंद असल्यामुळे पाणी फक्त वरूनच उडू शकतं आणि तुम्हाला ती दुसरी अवस्था बरीच जास्त वेळ मिळते. लाकडी बोर्ड स्वतःच पाणी पितो, त्यावर हा फायदा मिळत नाही. पाण्यात ग्लिसरीन घालायची युक्तीही चालते, पण वाटीभर पाण्यात एक-दोन थेंब, जास्त नको, जास्त झालं तर रंग चिकट राहतो आणि पावसाळ्यात तर तो वाळतच नाही.

पावसाळ्यात सगळं उलट. तेव्हा घाई हा शत्रू, आणि घाईचं हत्यार म्हणजे हेअर ड्रायर. ड्रायर वाईट नाही, पण चमक असताना मारला की हवेच्या दाबाने पाणी ढकललं जातं आणि तुम्ही स्वतःच ब्लूम तयार करता. चमक आपोआप जाऊ द्या, मग हातभर अंतरावरून, फिरवत फिरवत मारा. आणि ड्रायर बंद केल्यावर लगेच रंगवायचं नाही, गरम कागद कोरडाच वाटतो, आत ओल असते. कागद खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग हाताच्या मागच्या बाजूने बघा, गार लागला तर अजून थांबा.

हे वाचून कोणी म्हणेल की मग आपल्या हवेत जलरंग होतच नाही. होतो की. याच गावात चित्रकार देवळालीकरांनी १९२७ साली चित्रकला शाळा सुरू केली, आणि नारायण श्रीधर बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर ही सगळी मंडळी तिथे शिकून गेली. त्यांच्या वेळी कूलरही नव्हते आणि ड्रायरही नव्हते, ऊन मात्र हेच होतं. हवा ओळखून काम करायचं, एवढंच.

कागदाबद्दल दोन गोष्टी. एक, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) खाली डोंगरांचे थर देऊ नका, पातळ कागद फुगतो आणि त्या लाटांच्या खळग्यांत पाणी साचून डाग पडतात, मग तुम्ही कितीही नीट हात फिरवा. कॉटन कागद पाणी आत घेऊन सावकाश सोडतो, सेल्युलोज म्हणजे लाकडाच्या लगद्याचा कागद पाणी वर ठेवतो आणि एकदम सोडतो, त्यामुळे सेल्युलोजवर तुम्हाला वेळ कमी मिळतो आणि खालचा थर पटकन उचलला जातो. सरावाला सेल्युलोज चालेल, पण तीन थरांची डोंगररांग शिकायला तोच कागद घेतला तर हात चांगला असूनही उगाच निराश व्हाल. खजूरी बाजारातून पूर्ण शीट आणून तिचे आठ तुकडे केले तर कॉटनही खिशाला एवढा जड जात नाही. दोन, कागद जुना झाला किंवा पावसाळ्यात उघडा राहिला तर त्याचं सायझिंग जातं, सायझिंग म्हणजे पाणी एकदम शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला जिलेटिन वगैरेचा थर. असा कागद कोरडा असताना अगदी नवा दिसतो आणि वॉश दिला की जागोजागी गडद ठिपके उमटतात. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा, थेंब टपकन आत गेला आणि ओला डाग पसरला तर तो कागद जलरंगाला संपला, पेस्टलला किंवा गुवाशला, म्हणजे अपारदर्शक जलरंगाला, ठेवून द्या. चांगला कागद आणल्या आणल्या प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलची पुडी घालून, आणि भिंतीला टेकवून नाही तर कपाटात आडवा.

आता मळकट रंगाकडे. लांबचा डोंगर म्हटलं की पॅलेटमधला निळा, थोडा हिरवा, थोडा ब्राऊन, खूप गडद झाला म्हणून पांढरा, फिका झाला म्हणून काळा, असं करत करत पाच रंग एकत्र येतात. तीनपेक्षा जास्त पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्यं, एकत्र आले की त्यातून चमक जाते. पांढरा तर घालूच नका, त्याने रंग खडूसारखा होतो आणि लांबच्या डोंगराला जो आरपार हलकेपणा हवा तो मरतो, फिकेपणा पाण्यानेच आणायचा. माझी कायमची जोडी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), बाकी काही नाही. लांबच्या रांगेला अल्ट्रामरीन जास्त आणि सिएना नावाला, जवळ येत जाल तसं सिएना वाढवत जा आणि पाणी कमी करत जा. दोनच पिगमेंट असल्यामुळे सगळ्या रांगा आपोआप एकमेकींच्या नात्यातल्या वाटतात. ट्यूब घेताना मागे पिगमेंट नंबर बघायची सवय लावा, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीबी २७ म्हणजे प्रशियन निळा. काही ट्यूबवर नाव एक असतं आणि आत तीन पिगमेंट असतात, मग तुम्ही दोन रंग मिसळले असं वाटतं आणि खरं तर सहा मिसळलेले असतात.

इथे एक खोच आहे. अल्ट्रामरीन कागदाच्या वरवर बसतो आणि ओल्या ब्रशने सहज उचलला जातो, थॅलो आणि प्रशियन कागदाला डाग देऊन पक्के बसतात. म्हणजे अल्ट्रामरीनच्या थरावर दुसरा थर देताना ब्रश घासलात तर खालचा रंग सुटून वर मिसळतो आणि दोन स्वच्छ थरांचा एक मळकट थर होतो. थर देताना ब्रश आडवा, हलका, आणि एका जागेवरून एकदाच. दुसऱ्यांदा फिरवायचाच नाही, दिसत असलेली चूकसुद्धा वाळेपर्यंत तशीच राहू द्या. ज्यांचा हात जड आहे त्यांनी सगळ्यात मागची रांग प्रशियनची अगदी पातळ टाकावी, ती हलणार नाही.

आणि जलरंग वाळल्यावर फिका होतो हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ऐन वेळी विसरायला होतं. ओला असताना बरोबर दिसणारा डोंगर वाळल्यावर पुसट वाटतो, मग त्यावर परत एक हात, मग वरचे सगळे घोटाळे. त्याच कागदाची दोन बोटं रुंद पट्टी शेजारी ठेवा, रंग आधी तिच्यावर लावून पूर्ण वाळवून बघा. काही मिनिटांचं काम आहे, उन्हाळ्यात तर त्याहून कमी.

लांबचा डोंगर पुढे येतो, हा प्रॉब्लेम पाण्याचा नाही, बघण्याचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. डोंगर आणि आपण यांच्यामध्ये हवा असते आणि त्या हवेचाही उजेड असतो. हवेचे रेणू निळा उजेड जास्त विखुरतात, त्यामुळे अंतर जितकं जास्त तितकी ती निळसर हवा डोंगराच्या गडदपणावर चढत जाते. म्हणजे डोंगर नुसता निळा होत नाही, फिका होतो, आणि त्यातला गडद-उजळ फरक जातो. आपण निळा रंग लावतो पण गडदपणा आणि आतले तपशील तसेच ठेवतो, झाडं, कपारी, सावल्या, सगळं. डोळ्याला गडद आणि तपशीलवार तेच जवळ वाटतं. सगळ्यात मागच्या रांगेत माथ्याची रेघ सोडून एकही तपशील नको, दुसऱ्या रांगेत फार तर एक-दोन सावल्यांचे पट्टे, झाडं फक्त सगळ्यात पुढे.

महूच्या पुढे जाम गेटला पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात सकाळी जाऊन बसा आणि फक्त बघा, रंग काढूसुद्धा नका. माळव्याचं पठार तिथे एकदम संपतं आणि खाली निमाड, त्यामुळे विंध्याच्या सोंडा एकामागे एक खालच्या बाजूला दिसतात. जवळच्या उतारावर सागाची पानं मोजता येतील इतका हिरवा-तपकिरी, त्यामागची सोंड हिरवी राहतच नाही, एकदम करडी-निळी, त्यामागची नुसती निळी, आणि शेवटची आकाशाहून किंचितच गडद. आणि प्रत्येक सोंडेचा माथा गडद, पायथा फिका, हे नीट बघा. धुकं आणि धूर खाली साचतो म्हणून खालचा भाग उजळ दिसतो, आणि त्याच्यापुढे पुढच्या सोंडेचा गडद माथा येतो. गडद माथा, फिका पायथा, परत गडद माथा. खोली दिसते ती या अदलाबदलीमुळे. आपण बहुतेक जण डोंगर वरून खाली एकाच रंगाने भरतो, किंवा ओघळामुळे पायथाच गडद करून ठेवतो, मग कितीही निळा घाला, रांगा एकमेकींना चिकटतात.

हेच दृश्य एप्रिल-मेमध्ये निळं दिसतच नाही. हवेत धूळ असते, धुळीचे कण रेणूंच्या मानाने खूप मोठे, ते सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, म्हणून लांबचे डोंगर पांढरट, पिवळट-करडे दिसतात आणि आकाशही क्षितिजापाशी तसंच. तेव्हा मागची रांग अल्ट्रामरीनने निळीशार केली तर ती खोटी वाटते, अंगावर येते. थोडं यलो ओकर (मातकट पिवळा), कणभर अल्ट्रामरीन आणि भरपूर पाणी, बस. याच्या उलट लडाखची हवा, उंचावरची, कोरडी आणि स्वच्छ, तिथे कितीतरी किलोमीटरवरचा डोंगरही खणखणीत दिसतो. त्यामुळे लडाखच्या फोटोवरून काढताना जसं दिसतं तसं काढलं तर खोली येणारच नाही, फिकेपणा आपणच थोडा वाढवायला लागतो.

फोटोचा अजून एक घोळ आहे. हल्लीचे मोबाईल दृश्य आपोआप खणखणीत करतात, धुरकटपणा काढतात, सावल्या उजळवतात आणि लांबच्या डोंगराचा कॉन्ट्रास्ट वाढवतात. म्हणजे जी हवा आपल्याला रंगवायची आहे तीच फोटोतून गेलेली असते. फोटोवरून काढायचंच असेल तर एडिटमध्ये जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करा, डोळे बारीक करा आणि प्रत्येक रांग किती करडी आहे ते कागदाच्या कोपऱ्यात चार चौकोनांत पेन्सिलने उतरवा. मग मागच्या दोन चौकोनांना स्वतःच्या मनाने अजून एकेक पायरी फिकं करा. रंगवताना मोबाईल बंद, फक्त ते चौकोन बघायचे.

आकाराचंही एक सांगून टाकते. आपल्याकडचे डोंगर त्रिकोणी नाहीत. माळव्याचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या आडव्या थरांचा, त्यामुळे माथे सपाट, उतारावर आडव्या पायऱ्या. विंध्याचं चित्र म्हणून आल्प्ससारखी टोकं काढली तर रंग कितीही बरोबर लागला तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. आणि खरं हिमशिखर काढायचं असेल तर बर्फ म्हणजे कोरा कागद, तो सुरुवातीपासून राखायचा. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखायला लावायचा रबरासारखा द्रव, लावलं तर उन्हाळ्यात ते त्याच दिवशी काढा, तापलेल्या खोलीत दोन-तीन दिवस राहिलं की कागदाचं साल घेऊन निघतं.

आता जे बिघडलंय त्याचं काय. पहिलं म्हणजे ओलं असताना वाचवायला जाऊ नका, पूर्ण वाळू द्या. पायथ्याशी ब्लूम पडला असेल तर जरा कडक केसांचा ब्रश ओलसर करून त्या नक्षीच्या कडेवर हलकेच फिरवा आणि लगेच टिश्यूने दाबून टिपा, घासू नका. अल्ट्रामरीन असेल तर कड बरीच विरते आणि उरलेला उजळ भाग धुकं म्हणून खपून जातो. नाहीच विरली तर त्याच्यापुढे अजून एक रांग टाका, तिचा माथा बरोबर त्या डागावर येऊ द्या. कडक रेघ मधे आली असेल तर ती लांबच्या सोंडेची कड करून टाका, निसर्गात अशा कडा हव्या तितक्या असतात. मळकट झालेला डोंगर मात्र वरून रंग देऊन स्वच्छ होत नाही, स्पंजने हळूच धुऊन काढायचा आणि वाळल्यावर नव्याने एकच पातळ थर. थॅलो किंवा प्रशियन असेल तर तेवढंही निघत नाही, निळसर डाग राहतोच. तेव्हा शीट सरळ उलटी करा, कॉटन कागदाची मागची बाजूही रंगवायला चालते, टेक्स्चर थोडं वेगळं लागतं एवढंच, फक्त आधी थेंब टाकून सायझिंग शाबूत आहे ना ते बघून घ्या.